पाण्याखालचे जंगल : मिसिसिपीतील ओंडके, आगबोटी आणि एका नदीची उलटतपासणी

१.
आगबोटींच्या अपघातांचा विषय निघाला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे बॉयलरचा स्फोट उभा राहतो. एप्रिल १८६५ मध्ये मेम्फिसजवळ ‘सुल्ताना’ बोटीचे बॉयलर फुटले आणि हजाराहून अधिक माणसे गेली. अशा घटना इतिहासात ठळक अक्षरांत नोंदल्या जातात. पण अमेरिकेच्या पश्चिमेकडील नद्यांत सर्वाधिक आगबोटी बुडवल्या त्या आगीने नव्हेत, वाफेनेही नव्हेत. त्या बुडवल्या वाहून आलेल्या झाडांनी. हा धागा त्या झाडांचा आहे, ती उपटणाऱ्या माणसांचा आहे, आणि ती उपटल्यामुळे ज्यांचे बरे झाले व ज्यांचे सर्वस्व गेले, त्या दोघांचाही आहे.

२.
प्रथम नदी समजून घेऊ. मिसिसिपी, तिला मिळणाऱ्या मिसुरी, ओहायो, आर्कान्सा, रेड या नद्या मऊ गाळाच्या सपाट प्रदेशातून वाहतात. अशी नदी एका जागी राहत नाही. वळणाच्या बाहेरच्या अंगाचा काठ ती खात जाते आणि आतल्या अंगाला वाळू टाकते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हे काठ घनदाट अरण्याने भरलेले होते. पुराच्या दिवसांत काठ ढासळला की एकेका रात्रीत शेकडो वृक्ष मुळांसकट पाण्यात जात. कॉटनवुड, सिकॅमोर, अक्रोड यांसारखी ही मोठमोठी झाडे होती.

३.
कृष्णा-पंचगंगेच्या पुरात वाहत येणारी लाकडे पाहिलेल्या वाचकाला येथवरचे चित्र परके वाटणार नाही. पण वाहते लाकूड हा धोक्याचा निम्माच भाग होता. ते दिसते, त्याला चुकवता येते. खरा घात होत असे तो लाकूड थांबल्यावर. मुळांच्या गुंत्यात टनावारी माती अडकलेली असे. तो जड बुंधा कालांतराने तळाशी टेके, वर गाळ साचे, आणि झाड नदीच्या तळात जणू पुन्हा लावल्यासारखे घट्ट रुते. प्रवाह त्याच्या फांद्या मोडून टाकी. उरे ते भाल्यासारखे टोकदार खोड, शेंडा प्रवाहाच्या दिशेने कललेला.

४.
या दिशेला मोठे महत्त्व आहे. शेंडा खालच्या अंगाला कललेला असल्यामुळे प्रवाहाबरोबर येणारी बोट पुष्कळदा त्यावरून घसरून निघून जाई. परंतु वाफेच्या जोरावर प्रवाहाविरुद्ध चढणारी बोट नेमकी त्या टोकावर जाऊन आदळे. म्हणजे आगबोटीचे जे वैशिष्ट्य, प्रवाहाविरुद्ध वेगाने जाण्याचे, तेच तिच्या मुळावर येत होते. वल्ह्यांच्या संथ होड्यांना एवढा धोका नव्हता. यंत्र आले, वेग आला, आणि नदीत शतकानुशतके पडून असलेले लाकूड अचानक शस्त्र बनले.

५.
नदीवरच्या माणसांनी या ओंडक्यांना नावे दिली होती. सर्वसाधारण नाव ‘स्नॅग’. तळाशी पक्का रुतून अचल राहिलेला तो ‘प्लँटर’. आणि प्रवाहाच्या रेट्याने वरखाली डोलणारा तो ‘सॉयर’, म्हणजे करवत्या, कारण त्याची हालचाल लाकूड कापणाऱ्याच्या हातासारखी होती. सॉयर काही क्षण पाण्यावर येई आणि पुन्हा नाहीसा होई. जो कधीच वर येत नसे, पृष्ठभागाच्या किंचित खालीच डोलत राही, त्याला ‘झोपलेला सॉयर’ म्हणत. तो सर्वांत घातकी. एखाद्या व्यवसायाला शत्रूच्या इतक्या जाती सांगता येतात, यावरूनच त्या शत्रूशी रोजची गाठ पडत होती हे कळते.

६.
बोटींची रचनाही या संकटाला पोषक होती. पश्चिमेकडील आगबोट म्हणजे उथळ, रुंद, सपाट तळाची लाकडी बोट, आणि तिच्यावर चढवलेले मजले. वाळूच्या दांड्यांवरून जाता यावे म्हणून ती अगदी थोड्या पाण्यात तरंगेल अशी हलकी बांधत. त्यासाठी तळाच्या फळ्या पातळ ठेवत. बोट महिनाभर आधी बाजारात पोहोचली तर नफा अधिक. त्यामुळे मालक मजबुतीपेक्षा वेगावर पैसा खर्च करीत. अशा बोटीचे सरासरी आयुष्य चार-पाच वर्षांचेच धरले जाई. भोक पडले की पुष्कळदा काही मिनिटांत ती तळाला टेकत असे.

७.
या नद्यांवरची पहिली आगबोट ‘न्यू ऑर्लीन्स’. ती १८११ मध्ये पिट्सबर्गहून निघाली आणि १८१२ च्या आरंभी न्यू ऑर्लीन्स शहरी पोहोचली. तिचा शेवट कसा झाला? १८१४ मध्ये बॅटन रूजजवळ ती एका बुडीत खुंटावर बसली आणि फुटली. पहिलीच बोट ओंडक्याने घेतली. १८२३ च्या फेब्रुवारीत नॅचेझच्या परिसरात ‘टेनेसी’ ही बोट रात्रीच्या काळोखात ओंडक्यावर आदळली आणि सुमारे ६० माणसे बुडाली. बोटींची संख्या जसजशी वाढली, तसतशी ही यादीही वाढत गेली.

८.
चार्ल्स डिकन्सने १८४२ मध्ये या नदीवरून प्रवास केला. बोटीच्या नाळेवर रात्री एक माणूस बसवलेला असे. पाण्यावर संशयास्पद तरंग दिसला की तो घंटा वाजवी आणि यंत्र थांबवले जाई, असे त्याने आपल्या प्रवासवर्णनात नोंदवले आहे. ती घंटा रात्रभर वाजतच राही. मार्क ट्वेन १८५७ मध्ये याच नदीवर पायलटचे काम शिकू लागला. पाण्यावरची बारीकशी वळी पाहून खाली वाळू आहे, खडक आहे की खोड, हे ओळखणे हीच त्या विद्येची कसोटी होती. पायलटला मिळणारा घसघशीत पगार हा त्या वाचनाचा मोबदला होता.

९.
आता प्रश्न असा की नदी साफ करायची कोणी? आज हा प्रश्न बालिश वाटेल. सरकारने, असे आपण सहज म्हणू. पण त्या काळच्या अमेरिकेत तो घटनात्मक वादाचा विषय होता. रस्ते, कालवे, नद्या यांवर मध्यवर्ती सरकारने खर्च करावा, असा स्पष्ट अधिकार राज्यघटनेत नाही, असे एक पक्ष मानत होता. नदी मात्र अनेक राज्यांतून वाहते. ओंडका एका राज्याच्या काठावरून निघून तिसऱ्याच राज्यातील बोट बुडवतो. मग त्याचा जबाबदार कोण?

१०.
१८२४ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘गिबन्स विरुद्ध ऑग्डेन’ खटल्यात निर्णय दिला की राज्याराज्यांतील व्यापारात जलवाहतूकही येते आणि तिचे नियमन करण्याचा अधिकार काँग्रेसला आहे. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत, २४ मे १८२४ रोजी, काँग्रेसने ओहायो व मिसिसिपी नद्यांतील अडथळे काढण्यासाठी ७५,००० डॉलर मंजूर केले. काम सैन्याच्या अभियंत्यांकडे सोपवले गेले. अमेरिकेत आज धरणे, बंधारे आणि बंदरे सांभाळणारे ‘आर्मी कोअर ऑफ इंजिनियर्स’ नावाचे जे प्रचंड खाते आहे, त्याच्या नदीकामाचा आरंभ असा बुडीत लाकडांपासून झाला.

११.
पहिला प्रयत्न कंत्राटदारामार्फत झाला आणि तो फसला. वर दिसणारी खोडे छाटली गेली, पण खालचे बुंधे पुष्कळ ठिकाणी तसेच राहिले. छाटलेले खोड तर अधिकच वाईट, कारण आता ते दिसतही नव्हते. ही अडचण समजण्यासारखी आहे. हातकरवती, दोर आणि साध्या रहाटाच्या बळावर, वाहत्या पाण्यात, टनावारी मातीत रुतलेले झाड उपटायचे होते. त्यासाठी माणसांच्या बळाहून मोठे बळ हवे होते. ते कोठे होते? ज्या आगबोटीला ओंडके फोडत होते, त्या आगबोटीतच.

१२.
येथे हेन्री मिलर श्रीव्ह या गृहस्थाचा प्रवेश होतो. जन्म १७८५ चा, बालपण पेनसिल्व्हेनियात, तरुणपण नदीवरच्या होड्यांत. १८१४-१५ च्या हिवाळ्यात त्याने ‘एंटरप्राइज’ ही आगबोट न्यू ऑर्लीन्सला नेली. जनरल जॅक्सन तेथे इंग्रजांशी लढत होता. त्याच्या सैन्याला तिने सामग्री पोहोचवली. परतताना १८१५ मध्ये तीच बोट प्रवाहाविरुद्ध लुईव्हिलपर्यंत चढून गेली आणि हा पल्ला वाफेने गाठता येतो हे तिने दाखवून दिले. फुल्टन व लिव्हिंग्स्टन यांच्या मक्तेदारीलाही श्रीव्हने न्यायालयात आव्हान दिले होते. असा हा नदीत मुरलेला, हट्टी माणूस. पश्चिमेकडील नद्यांच्या सुधारणेचा अधीक्षक म्हणून १८२६-२७ च्या सुमारास त्याची नेमणूक झाली.

१३.
श्रीव्हने बांधलेल्या बोटीचे नाव ‘हेलिओपोलिस’. १८२९ मध्ये ती तयार झाली. रचना साधी पण अफाट. दोन बोटी शेजारी-शेजारी ठेवून वर एकत्र जोडलेल्या, आणि त्यांच्या मध्ये, पुढच्या बाजूला, पाण्याच्या पातळीवर, लोखंडाने मढवलेली एक भक्कम पाचरीसारखी तुळई. पूर्ण वाफ लावून ही जोडबोट ओंडक्यावर सरळ चाल करी. इतर पायलट ज्याच्यापासून पळत होते, त्याच्यावर ही जाणूनबुजून धडक मारी. धडकेने खोड तळाशी मोडे किंवा मुळापासून सैल होई.

१४.
मग दुसरा टप्पा. दोन्ही सांगाड्यांच्या मधल्या फटीतून साखळदंड सोडून, वाफेवर चालणाऱ्या रहाटाने खोड वर ओढले जाई. वर आणल्यावर करवतीने त्याचे तुकडे करीत. हलके तुकडे प्रवाहात सोडून देत किंवा भट्टीत जाळत, आणि मुळांचा जड गड्डा खोल डोहात टाकून देत, जेथे कोणत्याही बोटीचा तळ पोहोचणार नाही. म्हणजे झाड स्वतःच स्वतःला उपटणाऱ्या यंत्राचे सरपण होई. लोकांनी या बोटींना मोठे चपखल टोपणनाव दिले : ‘अंकल सॅमचे दात उपटणारे’.

१५.
१८२९ च्या ऑगस्टमध्ये पहिली चाचणी झाली ती प्लम पॉइंट येथे, टेनेसीच्या काठावरच्या, मिसिसिपीवरील अत्यंत बदनाम जागी. बोटीने तेथील ओंडक्यांचे रान मोकळे केले. पुढच्या काही वर्षांत श्रीव्हने आणखी बोटी बांधल्या, आणि ओंडक्यांमुळे बुडणाऱ्या बोटींची संख्या लक्षणीय घटली. शिवाय त्याने मुळावरच घाव घालायचे ठरवले. ढासळत्या काठावरची झाडे पाण्यात पडण्यापूर्वीच तोडायची. मैलच्या मैल काठ उघडे करण्यात आले.

१६.
या उपायातच एक विरोधाभास दडलेला होता. काठाची माती झाडांच्या मुळांनीच तर धरून ठेवली होती. शिवाय आगबोटी लाकडावर चालत. काठोकाठ लाकडाच्या वखारी होत्या, तेथे दिवसातून एकदा-दोनदा थांबून बोट लाकूड भरून घेई. हजारो फेऱ्यांचे हे सरपण काठावरूनच तोडले जाई. उघडा पडलेला काठ अधिक ढासळे, नदी अधिक रुंद व उथळ होई, आणि मागच्या रांगेतली झाडे पाण्यात येत. आगबोट आपल्या वैऱ्याला आपणच जन्म देत होती, असे म्हटले तर फारसे वावगे होणार नाही.

१७.
आता या कथेतील सर्वांत विलक्षण भागाकडे वळू. लुइझियानातील रेड नदीत शेकडो वर्षे साचत आलेला लाकडांचा एक अतिप्रचंड बंधारा होता. त्याला ‘ग्रेट रॅफ्ट’, म्हणजे महातराफा, म्हणत. त्याची लांबी सुमारे १५० मैल सांगितली जाते. तो सलग नव्हता. लाकडांच्या गच्च राशी आणि मध्ये मोकळे पाणी, अशी साखळी होती. जुन्या राशींवर माती बसून गवत, झुडपे, वृक्ष वाढले होते. काही ठिकाणी खाली नदी आहे हे न कळता माणूस ती चालत ओलांडू शकत असे.

१८.
हा तराफा जिवंत होता म्हटले तरी चालेल. खालच्या टोकाला लाकूड कुजून सुटत जाई आणि वरच्या टोकाला दरवर्षीच्या पुरात नवे लाकूड येऊन अडके. त्यामुळे अवघा बंधारा हळूहळू प्रवाहाच्या उलट दिशेने सरकत होता. अडलेले पाणी बाजूच्या सखल भागांत पसरून सरोवरे, दलदली आणि उपप्रवाह निर्माण झाले होते. आजचे कॅडो सरोवर अशाच अडलेल्या पाण्याचे. १८०६ मध्ये राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांनी पाठवलेल्या फ्रीमन-कस्टिस मोहिमेला या तराफ्याला वळसा घालून दलदलींतून वाट काढण्यात जवळपास दोन आठवडे लागले.

१९.
वळसा घालून ते ज्या लोकांना भेटले, ते कॅडो. रेड नदीच्या खोऱ्यात शतकानुशतके शेती करणारा, मका पिकवणारा, मातीची सुंदर भांडी घडवणारा हा मूलनिवासी समाज. आगबोटीच्या दृष्टीने जो तराफा हा अडथळा होता, तोच कॅडोंच्या दृष्टीने एक तट होता. त्याच्या पलीकडे मोठ्या बोटी येत नव्हत्या. म्हणून कापसाचे मळेवालेही फारसे येत नव्हते. येथे आपल्या विषयाचा मूळ प्रश्न उलटा होतो. पाण्यातले लाकूड हा ‘धोका’ खरा, पण कोणाला?

२०.
१८३३ च्या एप्रिलमध्ये श्रीव्ह ‘आर्किमिडीज’ ही स्नॅगबोट आणि सुमारे दीडशे माणसे घेऊन तराफ्याच्या खालच्या टोकाशी पोहोचला. पहिल्याच हंगामात सुमारे ७० मैल वाट मोकळी झाली, कारण खालचे लाकूड जुने, कुजके होते. वर मात्र लाकूड ताजे, गच्च आणि चिवट. पुढचे काम वर्षानुवर्षे चालले. सुटलेले ओंडके बाजूच्या उपप्रवाहांच्या तोंडांत ठासून ती तोंडे बंद केली, म्हणजे पाणी मुख्य पात्रातच राहावे. १८३८ पर्यंत वाट खुली झाली.

२१.
याच वर्षांच्या मध्यावर, १ जुलै १८३५ रोजी, कॅडोंशी करार झाला. सुमारे १० लाख एकर भूमी त्यांनी ८०,००० डॉलरला दिली : ३०,००० चा माल व घोडे, आणि पाच वर्षे दरवर्षी १०,००० डॉलर. एका वर्षाच्या आत अमेरिकेची हद्द स्वखर्चाने सोडायची आणि वस्तीसाठी पुन्हा परतायचे नाही, ही अट होती. त्यापुढच्याच वर्षी, १८३६ मध्ये, त्या भूमीवर एका कंपनीने नगर वसवायला घेतले. श्रीव्ह स्वतः त्या कंपनीत भागीदार होता. नगराचे नाव पडले श्रीव्हपोर्ट. कॅडो आधी टेक्सासमध्ये गेले, तेथूनही हुसकावले गेले. आज त्यांचे राष्ट्र ओक्लाहोमात आहे.

२२.
मोकळ्या झालेल्या नदीवरून कापूस वाहू लागला. तो पिकवणारे हात गुलामांचे होते. तेही याच नद्यांवरून, याच आगबोटींतून, जुन्या राज्यांकडून नव्या मळ्यांकडे विकून आणलेले. कापसाचे गठ्ठे न्यू ऑर्लीन्सला, तेथून लिव्हरपूलला जात. या साखळीचे दुसरे टोक आपल्याकडे आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली, आणि लँकशायरच्या गिरण्या हिंदुस्थानी कापसाकडे वळल्या. मुंबईत सोन्याचा पाऊस पडला, प्रेमचंद रायचंदांचे नाव गाजले, बॅक बेच्या भागांचे भाव गगनाला भिडले. आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच सारे कोसळले. मिसिसिपीचे पाणी असे मुंबईच्या शेअरबाजारापर्यंत पोहोचत होते.

२३.
ओंडक्यांचा प्रश्न मात्र एकदा सुटून संपणारा नव्हता. नदी दरवर्षी नवी झाडे आणते. म्हणून दरवर्षी पैसा हवा. १८४१ मध्ये श्रीव्हला पदावरून दूर करण्यात आले. १८४६ मध्ये राष्ट्राध्यक्ष पोक यांनी नद्या व बंदरांचे विधेयक नाकारले. त्याच्या निषेधार्थ १८४७ मध्ये शिकागोत मोठी परिषद भरली. तिला अब्राहम लिंकन हे तरुण वकीलही हजर होते. १८५४ मध्ये राष्ट्राध्यक्ष पिअर्स यांनीही असेच विधेयक फेटाळले. वॉशिंग्टनमध्ये घटनेचा अर्थ लावण्याचे काम चालू होते, तेव्हा नदी आपले काम करीत होती.

२४.
५ सप्टेंबर १८५६. मिसुरी नदीवर, पार्कव्हिलजवळ, ‘अरेबिया’ ही आगबोट वर चढत होती. मावळतीच्या सुमारास पाण्याखालच्या एका अक्रोडाच्या खोडाने तिचा तळ फोडला. बोट काही मिनिटांत खाली गेली. सुमारे दीडशे प्रवासी होते, ते सर्व वाचले. बांधून ठेवलेले एक खेचर मात्र मेले. सुमारे २०० टन माल गाळात गेला. हा अपवाद नव्हता. सैन्यातील अभियंता हायरम चिटेंडन याने १८९७ मध्ये मिसुरीवर बुडालेल्या सुमारे ३०० आगबोटींची यादी केली, तेव्हा त्यांतील जवळपास दोनतृतीयांश बोटी ओंडक्यांनी घेतल्याचे दिसले.

२५.
पुढे नदीने पात्र बदलले आणि ‘अरेबिया’ कोरड्या जमिनीखाली गेली. १९८८ मध्ये कॅन्सासमधील एका मक्याच्या शेतात, नदीपासून सुमारे अर्ध्या मैलावर, ४५ फूट खोल, ती सापडली. चिनी मातीची भांडी, बूट, टोप्या, अवजारे, मुरवलेल्या फळांच्या बाटल्या, सारे गाळाने जपून ठेवले होते. खोडाचा तो भागही सापडला. आज कॅन्सास सिटीच्या संग्रहालयात हे सर्व पाहायला मिळते. १८६५ मध्ये बुडालेली आणि १९६८ मध्ये सापडलेली ‘बर्ट्रँड’ ही याच जातीची. जे व्यापाऱ्याचे दिवाळे, ते इतिहासकाराचे घबाड ठरले.

२६.
रेड नदीतही देखभाल थांबताच तराफा पुन्हा साचला, या वेळी अधिक वर. अखेर १८७२-७३ मध्ये लेफ्टनंट युजीन वुड्रफच्या नेतृत्वाखाली, स्नॅगबोटींच्या जोडीला नायट्रोग्लिसरीनचे स्फोट वापरून, तो फोडण्यात आला. आर. बी. टॅल्फर याने त्या कामाची छायाचित्रे घेतली. महातराफा दिसत होता कसा, हे आपल्याला त्यांमुळेच कळते. १८७३ च्या शरदात श्रीव्हपोर्टमध्ये पीतज्वराची साथ आली. वुड्रफ रुग्णांच्या सेवेसाठी शहरात थांबला आणि त्याच तापाने गेला. काम त्याच्या भावाने पुरे केले.

२७.
तराफा गेला आणि अडलेले पाणीही उतरले. टेक्सासमधील जेफरसन हे गाव कॅडो सरोवराच्या त्या फुगवट्यामुळेच भरभराटलेले बंदर बनले होते. समुद्रापासून शेकडो मैल आत, तरीही आगबोटी त्याच्या धक्क्याला लागत. १८७३ नंतर पाणी घटले, त्याच सुमारास लोहमार्ग दुसऱ्या गावांतून गेले, आणि जेफरसनचे बंदर ओस पडले. एकाच लाकडाच्या राशीने श्रीव्हपोर्टचा मार्ग अडवला होता आणि जेफरसनला मार्ग दिला होता. एकाचा अडथळा तो दुसऱ्याचा धक्का होता.

२८.
सर्वांत मोठा परिणाम मात्र कोणाच्याच ध्यानीमनी नव्हता. १८३१ मध्ये श्रीव्हने प्रवास लवकर व्हावा म्हणून मिसिसिपीचे एक मोठे वळण कापले. त्याच वळणापाशी रेड नदी येऊन मिळत होती आणि अचाफलाया नावाचा फाटा बाहेर पडत होता. या फाट्याचे तोंडही लाकडांच्या राशींनी बुजलेले होते. १८३९ च्या सुमारापासून लुइझियाना राज्याने ते लाकूड काढायला सुरुवात केली. बूच निघाले. अचाफलायाने समुद्राला जाणारी वाट मुख्य नदीच्या वाटेपेक्षा निम्म्याहूनही कमी लांबीची. पाणी अर्थातच तिकडे धावू लागले.

२९.
विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मिसिसिपीचे जवळपास एकतृतीयांश पाणी त्या फाट्याने जाऊ लागले होते. असेच चालले तर मुख्य नदीच तिकडे वळेल, आणि बॅटन रूज व न्यू ऑर्लीन्स ही शहरे मचूळ खाडीच्या काठी उरतील, असे अभियंत्यांना दिसू लागले. म्हणून १९५४ मध्ये मंजुरी मिळून १९६३ मध्ये ‘ओल्ड रिव्हर’ येथे नियंत्रक बांधकाम पुरे झाले. तेव्हापासून पाणी ७० व ३० टक्के असे वाटून दिले जाते. १९७३ च्या महापुरात तेही पायापासून हादरले. एके काळी जे काम फुकट पडलेली लाकडे करीत होती, तेच आता काँक्रीट आणि पोलाद करते.

३०.
स्नॅगबोटींचे युग विसाव्या शतकातही टिकले. ‘माँटगोमेरी’ आणि ‘डब्ल्यू. टी. प्रेस्टन’ या दोन बोटी आज अमेरिकेत राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारके म्हणून जपल्या आहेत. न्यूयॉर्कच्या बंदरात तरंगते लाकूड वेचणाऱ्या सरकारी बोटी अजूनही फिरतात. कारण पाणी, झाड आणि वेगवान बोट हे समीकरण बदललेले नाही. दुसरीकडे अमेरिकेच्या वायव्य भागात आता अभियंते मुद्दाम नद्यांत ओंडके रोवतात. लाकडाआडच्या शांत, गार डोहांत सामन मासे वाढतात, हे उशिरा का होईना ध्यानात आले आहे.

३१.
मग श्रीव्हला काय म्हणावे? त्याच्या बोटींनी असंख्य माणसांचे प्राण वाचवले, यात शंका नाही. काळोखात घंटेकडे कान लावून बसलेल्या प्रवाशाला त्या बोटीचा धूर दिसला असेल, तेव्हा त्याने देवाचे आभारच मानले असतील. त्याच धुराने कॅडोंना आपला तट ढासळल्याची वर्दी दिली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि इतिहास वाचताना एकीसाठी दुसरी पुसून टाकायची नसते.

३२.
म्हणून पुढच्या वेळी एखाद्या जुन्या ग्रंथात ‘अडथळा दूर करून मार्ग खुला केला’ हे वाक्य आले, तर क्षणभर थांबावे आणि तीन प्रश्न विचारावेत. तो अडथळा कोणाला होता? त्याने तोपर्यंत काय अडवून धरले होते? आणि तो गेल्यावर ते काम पुढे कोणाला करावे लागले? ओल्ड रिव्हरच्या दरवाजांवरचे कामगार तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आजही रोज देत आहेत.